अत्तार बाईंच्या दहा जागा

अत्तार बाईंपुढं कुणाची चहाडी चालत नसे. पोरगं रडत आलं, "बाई, संज्यानं माझी पाटी फोडली," की बाई एवढंच म्हणायच्या, "संज्याला घेऊन ये. त्याच्यापुढं सांग." निम्मी भांडणं तिथंच मिटायची, कारण संज्या समोर आला की पाटी आपल्याच हातून पडली होती हे आठवायचं. मोठ्या माणसांनाही हाच कायदा. एकदा तपासणीला आलेले साहेब दुसऱ्या शाळेतल्या गुरुजींबद्दल काहीबाही सांगायला लागले. बाई खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "थांबा साहेब, त्यांना निरोप धाडते. सायकलवर आहेत, अर्ध्या तासात येतील." साहेबांना एकदम दुसऱ्या गावची तपासणी आठवली.

या बाईंबद्दल मी त्यांच्या पाठीमागं एक पान लिहिलं, छापलं आणि आठवडी बाजारात वाटलं. बाई आता नाहीत. म्हणजे हे लिहितोय तेही पाठीमागंच. पण न लिहिता गप्प बसणं हा माझ्यासारख्याला फार सोयीचा मार्ग होईल, म्हणून लिहितो.

बाई अहमदपूरच्या. मोंढ्याच्या वाटेवर वडिलांचं अत्तर, सुरमा, उदबत्तीचं दुकान होतं, त्यामुळं बाई वर्गात आल्या की आधी हिन्याचा वास यायचा आणि मग बाई यायच्या. अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की पलीकडच्या रानातला गडी औत थांबवून बघायचा. लग्न केलं नव्हतं. गावातल्या बायका विचारायच्याच. बाई म्हणायच्या, "आमची एस.टी. चुकली बघा. दुसरी आलीच न्हाई." आणि स्वतःच हसायच्या.

भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होतो. आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, आणि त्यातलं काय उरलं होतं हे इथं सांगत बसत नाही. सव्वा महिन्यानं गावाबाहेर पत्र्याचं शेड उभं राहिलं आणि त्यात शाळा भरणार असं ठरलं. आधीचे गुरुजी बदली करून गेले होते, नवं कुणी यायला तयार नव्हतं. अत्तार बाई मागून घेऊन आल्या. पहिल्या दिवशी एकही पोरगं शेडात गेलं नाही. छताखाली जायचं नाही हे आमच्या अंगातच बसलं होतं. बाईंनी जबरदस्ती केली नाही. फळा बाहेर आणून बाभळीला टेकवला आणि स्वतः ढेकळांत बसल्या. तीन आठवडे अशी शाळा चालली. मग एक दिवस ऊन लागतंय म्हणून त्या एकट्याच शेडात जाऊन बसल्या आणि तिथूनच गोष्ट सांगायला लागल्या. या खेपेला आवाज मुद्दाम बारीक काढलेला. काय झालं पुढं, ते ऐकायला आम्ही एकेक जण सरकत सरकत आत गेलो. जमीन मधूनच थरथरायची. बाई हात वर धरून थांबायच्या आणि थरथर ओसरली की राहिलेल्या शब्दापासून तेच वाक्य पुढं न्यायच्या.

इंग्रजी पाचवीपासून होतं, बाईंनी तिसरीतच सुरू केलं. हजेरीला 'हजर' म्हणायचं नाही, 'आय ॲम हिअर' म्हणायचं. हजेरीपटावर काही नावं अशी होती की बाई ती घ्यायच्या, जरा थांबायच्या आणि पुढं जायच्या. ती नावं कमी करा असं वरून सांगणं आलं. बाईंनी त्यांच्यावर रेघ मारली नाही. नवा हजेरीपट घातला आणि जुना आपल्या पेटीत ठेवून दिला.

त्यांच्यापाशी एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात एका विलायती शाळेचं चित्र: दगडी कमानी, हिरवंगार मैदान, काळे कोट घातलेली पोरं. बाई ते चित्र सणावाराला दाखवावं तसं आम्हाला दाखवायच्या. "ही शाळा शिवाजी महाराजांच्या जन्माआधीपासून उभी आहे. चारशे वर्षं भिंत उभी राहते, म्हणजे तिच्याकडं कुणीतरी रोज बघत असणार की नाही?" आम्ही ज्यांच्या भिंती नुकत्याच पडल्या होत्या अशी पोरं. आम्ही माना हलवायचो. बाईंची नजर मात्र त्या चित्रावर जरा जास्तच वेळ रेंगाळायची. मी हे तेव्हाच पाहिलं होतं आणि पुढं हत्यारासारखं वापरलं.

पुढं त्यांची बदली लातूर शहरात झाली. तेव्हा तिथं क्लासेसचं वारं सुटलं होतं. गल्लीगल्लीत क्लास, त्याला चिकटून मेस, मेसवर हॉस्टेल. रिक्षांच्या पाठीवर नट-नट्यांऐवजी मेरिटमध्ये आलेली पोरं. अशाच एका मोठ्या क्लासवाल्यानं बाईंना इंग्रजी शिकवायला बोलावलं. बाई एक दिवस गेल्या. दुसऱ्या दिवशी गेल्या नाहीत. मी तेव्हा अकरावीला लातुरात होतो. विचारलं तर म्हणाल्या, "मोठा हॉल आहे रे. हातात माईक देतात. पण शेवटच्या बाकावरच्या पोराचं तोंडच दिसंना मला. आता तोंड दिसत नसलेल्या पोराला काय शिकवू? त्याला समजलं का न्हाई, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं असतं." मला हे इतकं आवडलं की मी दोन वर्षं भाषणात वापरलं. बाईंचं नाव न घेता.

कारण मी भाषणं करायला लागलो होतो. माझे वडील नांदेडच्या गिरणीत कामगार आणि संघटनेचे कार्यकर्ते होते. मी आजीपाशी वाढलो त्या गावाकडच्या घराच्या कुडाला संपाची आणि नामांतराची उरलेली पत्रकं खळीनं चिकटवलेली असत. अक्षरं मी त्या कुडावर शिकलो. 'उठा', 'धिक्कार', 'जाब' हे माझे पहिले शब्द. बारावीनंतर नांदेडला गेलो, तिथल्या तरुणांच्या संघटनेत शिरलो आणि पत्रकं लिहिणं हेच माझं काम झालं. संघटनेत मी एक नियम करून घेतला होता. ज्याचं नाव छापायचं, त्याला मजकूर आधी तोंडावर वाचून दाखवायचा. मंडळी म्हणायची, काय सुंदर नियम आहे. तो कुठून उचलला ते मी सांगत नसे. देगलूरच्या एका रेशन दुकानदारानं आमचं अख्खं पत्रक शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "समदं खरं हाय. फक्त माझ्या बापाचं नाव चुकलंय, तेवढं नीट करा."

अशात बातमी आली की इंग्लंडातली एक साडेचारशे वर्षांची नामांकित शाळा आपली धाकटी बहीण लातूर जिल्ह्यात काढणार. धाकटी बहीण हा शब्द पेपरवाल्यांचा. शहरातला एक क्लासवाला चेअरमन त्यात भागीदार. जमीन आमच्या गावाला लागून, आणि मैदानासाठी आणि रस्त्यासाठी आमच्या गावाचं गायरान. ग्रामसभेनं ठराव करून ते दिलंसुद्धा. ज्या गावाला चार वर्षं पत्र्याखाली काढावी लागली, त्या गावाच्या गुरांच्या चराईवर श्रीमंतांची पोरं क्रिकेट खेळणार. माझं रक्त उसळलं, आणि ते उसळणं खोटं नव्हतं हे आजही म्हणतो.

उद्घाटनाचा फोटो पेपरात आला. गोरे हेडमास्तर फीत कापायच्या तयारीत, बाजूला चेअरमन, आणि मधे चांदीचं तबक धरून अत्तार बाई. तबकात कात्री. बाईंच्या अंगावर त्या शाळेचं चिन्ह असलेला निळा कोट, डोक्यावर पदर, आणि चेहऱ्यावर असं हसू की जे आमच्या शेडात कधी दिसलं नव्हतं. खाली लिहिलं होतं की सरकारी नोकरीची स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्या या शाळेत रुजू झाल्या.

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. मथळा: 'साहेबाची आया'. पहिली ओळ: 'गायरान विकून कोट शिवणाऱ्या बाईला गावानं काय म्हणावं?' नियमाप्रमाणं मी बाईंकडं जाऊन ते वाचून दाखवायला हवं होतं. सोबत्यानं विचारलंसुद्धा, "वाचून दाखवलं का?" मी म्हणालो, "वेळ नाही. परवा बाजार आहे." वेळ होता. नांदेडहून लातूर असं किती लांब आहे? मला भीती वाटत होती. बाई पूर्ण ऐकून घेतील आणि हळू आवाजात एकच प्रश्न विचारतील, आणि माझ्याकडं उत्तर नसेल, ही भीती. ज्याचं उत्तर आपल्याकडं नाही तो प्रश्नच येऊ द्यायचा नाही, ही सत्तेची रीत आहे असं मी दहा पत्रकांत लिहिलं होतं.

पत्रक बाजारात वाटलं गेलं. शाळेच्या फाटकावर लागलं. बाईंनी जिथं आम्हाला शिकवलं त्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवरही लागलं, तिथं ते मी स्वतः लावलं. गायरान गेल्यानं गाव चिडलेलं होतंच, माझ्या पत्रकानं त्या चिडीला एक नाव दिलं. सरपंचानं ग्रामसभेत ते फडकवलं. नवी पोरं बाईंच्या मागं "आया, ओ आया" करत फाटकापर्यंत गेली. आठ दिवसांत बाईंनी राजीनामा दिला आणि अहमदपूरला भावाकडं गेल्या. आम्ही संघटनेत सगळ्यांना चहा पाजला.

घरी आल्यावर मी पत्रक आईला वाचून दाखवलं. आई नांदेडच्या दवाखान्यात वीस वर्षं आया होती. बाळंतिणींची घाण काढून तिनं मला शिकवलं. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "आया म्हंजे वंगाळ असतंय का रं?"

मी म्हणालो, "तसं नव्हं आई, ते त्या अर्थानं नाही."

"मग कोन्च्या अर्थानं हाय?"

मी दुसरंच काहीतरी बोलायला लागलो. ती उठून कामाला गेली. तिनं तो विषय परत काढला नाही.

वर्षभरानं मला दुसरं पत्रक काढायचं होतं, चेअरमनविरुद्ध. म्हणून माहितीच्या अधिकारात मी ग्रामपंचायत आणि त्या शाळेमधला करार मागवला. करार इंग्रजीत होता. सतरा पानं. गायरान गेलं म्हणून ओरडलो होतो, पण तोवर तो वाचलाच नव्हता. डिक्शनरी घेऊन बसलो. नवव्या पानावर एक कलम होतं. दरवर्षी गावातली दहा मुलं, राहण्याजेवणासकट मोफत. निवड परीक्षेनं. निवड समितीवर गावानं नेमलेला एक शिक्षक, आणि त्याच्याशिवाय समितीला निवड करता येणार नाही. गावाचा शिक्षक म्हणून नाव: मेहरुन्निसा अत्तार.

मी गावातल्या दोन-चार म्हाताऱ्यांना विचारत गेलो. गावातल्या बायकांनीच बाईंना लातूरहून बोलावून आणलं होतं, कागद वाचायला. बाईंनी चेअरमनच्या माणसांना चार तास बसवून ठेवलं आणि हे कलम घातल्याशिवाय ठरावावर अंगठे होऊ दिले नाहीत. गायरान जाणारच होतं. सरपंचानं आधीच मान डोलावली होती. त्याच्या बदल्यात काहीतरी पदरात पडलं ते बाईंमुळं. समितीवरचा माणूस आपल्या शाळेचा नोकर असला पाहिजे, असं गोऱ्या हेडमास्तरांनी म्हटलं, म्हणून बाईंनी सरकारी नोकरी सोडली. पहिली परीक्षा झालीसुद्धा. निकाल लागायच्या आठवड्यात, निवडीच्या यादीवर सह्या व्हायच्या आधीच, माझं पत्रक आलं. बाई गेल्या. गावानं दुसरा शिक्षक नेमावा असं शाळेनं कळवलं, पण बाईंचं जे झालं ते बघून कुणी पुढं आला नाही, आणि सरपंचानं ते पत्र कपाटात घातलं. समिती नाही, म्हणून निवड नाही. दहा जागा त्या वर्षी गेल्या आणि मग कायमच्याच.

मी अहमदपूरला गेलो. बाई भावाच्या दुकानात गल्ल्यामागं बसल्या होत्या, चष्मा नाकावर, पुढं इंग्रजीची वही तपासायला घेतलेली. समोर दोन बुरखा घातलेल्या पोरी स्पेलिंग पाठ करत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये विलास. काय करून राहिलास सध्या?"

मी सगळं बोललो. करार, कलम, नियम, भीती, सगळं. बाईंनी पोरींना आत पाठवलं नाही. त्यांच्यासमोरच ऐकलं.

"तुझं लिखाण मी ओळखलं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या ओळीत प्रश्न टाकतोस तू. वर्गात पण तसंच होतं."

"बाई, माझं चुकलं."

"थोडं चुकलं, थोडं बरोबर पण होतं." त्यांनी चष्मा काढला. "ते तबक धर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच मागून घेतलं. आणि कोट शिवून आला तर आरशापुढं तीनदा घालून बघितला. तशा शाळेत एकदा आपण पण उभं राहावं, हौस होती रे मला. पुस्तकातल्या चित्राची. तू लिहिलंस ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, याला कसं कळलं?"

असं काही ऐकायला मी गेलो नव्हतो. बाई रागावतील किंवा माफ करतील, एवढीच माझी तयारी होती. एखाद्या माणसानं आयुष्यभर दाबून ठेवलेली एक हौस होती, तिला मी हुडकून काढून तिच्यावर चाकू चालवला होता. बाकीचं पत्रक खोटं निघालं, तेवढं खरं निघालं, आणि तेच त्यांना लागलं.

मी म्हणालो, "मी जाहीर माफीचं पत्रक काढतो. तितक्याच प्रती. त्याच बाजारात."

"कोण वाचणार?"

"गाव वाचेल."

"गावानं वाचायचं ते वाचलं. आता माझ्यासाठी कागद घालू नको वाया. माझी भाकरी भावाच्या घरी आहे, मला काय कमी आहे? त्या पोरांचं काय ते सांग. त्यांचा निकाल माझ्यापाशी आहे. कुणालाच सांगितलेला नाही. पास झालीस, पण जागा नाही, हे पोरीला कोणत्या तोंडानं सांगू? मी दोनदा फाट्यापर्यंत जाऊन परत आले. ते आता तू सांग."

"मी?"

"मग कोण? रविवारी सकाळी लातूरच्या स्टँडवर ये. मी येते संगं. घरं मला माहीत आहेत."

रविवारी आम्ही एस.टी.नं गेलो. वाटेत बाईंनी मला दहा नावं सांगितली, पाठ असल्यासारखी, घराच्या नंबरासकट. पुनर्वसनाच्या नव्या गावात सगळी घरं सारखी, म्हणून नंबरच लागतात. फाट्यावर उतरलो तेव्हा ती शाळा दिसत होती. दगडी वाटावी अशी काँक्रिटची कमान, हिरवं मैदान, मैदानाला तारेचं कुंपण. बाईंनी तिकडं पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी खाली बघत चाललो होतो.

पहिलं घर मनीषाचं. तिची आई दारात तूर पाखडत बसली होती. तिनं बाईंना ओळखलं आणि पदर सावरत उठली, पण या म्हणाली नाही. बाईंनीही आत जायचं मनात आणलं नाही. चपला काढून त्या बाहेरच पायरीवर बसल्या, आमच्याकडं पाठ करून. मी आत गेलो.

"ते पत्रक मी लिहिलं होतं," मी म्हणालो. "साहेबाची आया म्हणून. ते खोटं होतं. बाईंनी गावाची जमीन विकली नव्हती. त्यांनी गावासाठी दहा जागा मागून घेतल्या होत्या, आणि माझ्या पत्रकानं त्या गेल्या."

तिनं सूप खाली ठेवलं. "कशाच्या जागा?"

"त्या शाळेतल्या. मनीषानं परीक्षा दिली होती ना?"

"हाव, दिली होती. कुनी काईच कळवलं न्हाई, म्हंजे नापास झाली." ती म्हणाली. "लई रडली पोरगी. दोन दिस जेवली न्हाई. मीच म्हणलं, आपल्याला कुठं जमतंय इंग्लिश. बापानं मग शाळेतूनच काढली. मावशीपाशी लातूरला हाय आता, मेसमधी. क्लासच्या पोरांच्या चपात्या लाटतीय."

मी आयुष्यात शेकडो सभांत बोललो होतो. "ती नापास झाली नव्हती, काकू."

"मग?"

"पास झाली होती."

बाहेरून, मान न वळवता, बाई म्हणाल्या, "पहिली आली होती."

ती माऊली माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. कुणीतरी फार लांबच्या गावाचा पत्ता सांगावा आणि तो कळत नसावा, तशी. मग तिनं विचारलं, "मंग सांगितलं का न्हाई कुनी?"

"माझ्यामुळं," मी म्हणालो.

ती खाली बसली, सूप उचललं, पण पाखडलं नाही, नुसतं हातात धरून ठेवलं. तिनं जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. शेवटी मीच वळलो.

पायरी रिकामी होती. बाई गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या, पदर डोक्यावर ओढून, वाकून एका दारावरचा नंबर वाचत. मी येतोय हे दिसल्यावर त्यांनी त्या दाराची कडी वाजवली आणि बाजूला सरकून मला जागा करून दिली. अजून नऊ घरं होती.